सगळं वाच

२० जानेवारी

प्रिय महाराणी,

आधी तुझ्या भाचीला सांग, चष्मा पुसून घे आणि सावकाश वाच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण तुझ्या सगळ्या संवादांच्या वह्या याच अक्षरात होत्या, त्यामुळे नाक मुरडू नका.

मागच्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता चार पायांचा वॉकर घेऊन घरभर खडखडत फिरते. सून म्हणते, तुमचा आवाज येतो म्हणून बरं आहे, कुठे आहात ते कळतं. तेव्हा मी आता तुझ्याकडे येणं संपलं. फोनला तू हात लावत नाहीस. राहिलं काय, तर हे पत्र.

आता मुद्द्याचं. काल पेपरात मोठी चौकट आली आहे. मान वळवलेला तुझा तो जुना फोटो, आणि वर मथळा, ‘अडतीस वर्षांनी पुन्हा कॅमेऱ्यासमोर’. खाली लिहिलंय की तुझ्याच घरात, तुझ्या खोलीत शूटिंग होणार, तू आजच्या चेहऱ्याने लोकांसमोर येणार आणि पुढच्या महिन्याच्या सव्वीस तारखेला करारावर सही होणार. मी दोनदा वाचलं. अगं, जिने दूधवाल्यालासुद्धा अडतीस वर्षांत तोंड दाखवलं नाही, ती कॅमेरा घरात घेणार?

तुझ्या मनात आलं असेल तर घे बाई. मी कोण अडवणार? पण तुला विचारून ठरलंय का, एवढंच मला सांग. कारण तू सही करतेस ती कागद वाचून नाही, ऐकून. नवव्या वर्षी तुला नाटक कंपनीत धाडलं आणि धाकट्या बहिणीला शाळेत. तुला अक्षर येत नाही हे तुझ्याशिवाय जगात चारच माणसांना माहीत होतं. त्यातला आपला दिग्दर्शक गेला, धाकटी गेली. तिसरी मी, आणि चौथी हे पत्र वाचतेय.

आपण काय काय केलं गं! मी उन्हात तुझ्यावर छत्री धरायचे, संवाद वाचून दाखवायचे, आठवावं म्हणून समासात चित्रं काढायचे, आणि तू सेटवर वही हातात धरून अशी बघायचीस की वाटावं, विदुषी बसली आहे. एका पत्रकाराने तर लिहिलं होतं, ‘बाईंना वाचनाचा फार नाद’. आपण दोघी त्या दिवशी पोट धरून हसलो होतो.

उत्तर लगेच दे. जिवाला घोर लागलाय.

तुझी,
छत्री


२८ जानेवारी

छत्री,

पडलीस कशी? डोळे कुठे होते? सेटवर सगळ्यांना ‘वायर बघा, वायर बघा’ म्हणून ओरडायचीस आणि स्वतः ओल्या फरशीवर आपटलीस. हाडाला वेळ दे. सुनेवर डाफरू नकोस, ती बिचारी तुझं सगळं करते.

माझं बरं चाललंय. जिना उतरत नाही, पण खोलीत पाचशे पावलं मोजून चालते. भाची मोजते म्हणते, पण तिचं लक्ष फोनमध्ये असतं. कुणी लोक माझ्या जुन्या फिल्मा धुऊन पुसून नव्या करणार आहेत म्हणे. त्यासाठी सही हवी आहे. मी म्हटलं, करा काय ते. मेल्यांनी माझे केस तरी नीट दिसू देत.

तुझं पत्र हल्ली फार लवकर संपतं. पूर्वी तुझं पत्र वाचेपर्यंत चहा गार व्हायचा. आता पत्र संपतं तरी चहा पोळतो. म्हातारपणी कंजूष झालीस का?

महाराणी

ता. क. छत्रीमावशी, हे मी माझं लिहितेय. मावशीचं ब्लड प्रेशर सारखं वरखाली होतंय. पेपरातलं वगैरे तिला कळवून तिच्या डोक्याला ताप देऊ नका. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मला विचारा.


२ फेब्रुवारी

भाचीबाईंस,

हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे तुला ते लपवायचे कष्ट नकोत.

मी तिला पाठपोट दोन पानं लिहिली होती. त्यातलं तिच्यापर्यंत काय पोचलं? माझा खुबा पोचला. पेपर, शूटिंग, सव्वीस तारीख, काहीच पोचलं नाही. मी सरळ प्रश्न विचारला होता आणि ती मला चहाचं सांगते. मी तिला साठ वर्षं ओळखते. प्रश्न ऐकला असता तर तिने ‘तुला काय करायचंय’ असं तरी नक्की लिहिलं असतं.

तू गाळून वाचतेस. हो की नाही?

जिला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवणारं माणूस म्हणजे तिचे डोळे असतात. तिने विश्वासाने तुझ्या मांडीवर मान ठेवली आहे आणि तू केसाने गळा कापते आहेस. फिल्मा धुण्यासाठी सही, असं सांगून तू तिच्याकडून तिचं घर आणि चेहरा लिहून घेणार. हे असं करताना हात कसा कापत नाही तुझा?

सव्वीस तारखेच्या आत तिला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. कसं सांगेन ते मला माहीत नाही, पण सांगेन.

छत्रीमावशी


७ फेब्रुवारी

छत्रीमावशी,

हो. गाळते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी आई गेल्यावर मी मावशीकडे राहायला आले, त्याला अकरा वर्षं झाली. मी जिथे फिल्मा जोडते ती खोली आठ बाय दहाची आहे, तिला खिडकी नाही. तिथून घरी येते तर घरातले सगळे पडदे ओढलेले. जोरात बोलायचं नाही, घरी कुणाला आणायचं नाही, दाराची बेल वाजली की श्वास रोखून बसायचं. लपून ती बसली आहे, पण तिच्याबरोबर मीही लपले. मला कुणी विचारलं होतं का? मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मी वाईट नाही, मी दमले आहे.

कंपनीने मला सांगितलंय, त्या असतील तर सिनेमा तुमचा. दिग्दर्शक म्हणून माझं नाव. दुसऱ्यांचे सिनेमे कापत आणि जोडत वीस वर्षं घालवल्यावर हे दार उघडलंय, आणि ते पुन्हा उघडणार नाही. काम एक-दोन दिवसांचं आहे. तिला त्या दिवशी सांगेन. दारात आलेल्या माणसाला तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर ती दार उघडत नाही. एकदा दिवे लागले की ती उभी राहील. मग तिलाही आवडेल.

आता तुमच्याबद्दल.

आई जायच्या आधी एक गोष्ट सांगून गेली. आजी आजारी पडली तेव्हा आईने मावशीला तातडीच्या टपालाने पत्र लिहिलं होतं. ‘डॉक्टरांनी आशा सोडली आहे, आई सारखं तुझं नाव घेते, असशील तशी ये.’ मावशी तेव्हा शेवटच्या सिनेमाच्या सेटवर होती. उत्तर आलं, ‘तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. शूटिंग संपलं की येते.’ आठव्या दिवशी आजी गेली. आईने मावशीशी बोलणं टाकलं ते कायमचं. मावशीने कधी सफाई दिली नाही. आई समजत राहिली, बहीण काळजाने दगड आहे.

ते उत्तर आईने जपून ठेवलं होतं. आता माझ्याकडे आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे.

मी ते मावशीला वाचून दाखवलेलं नाही. सव्वीस तारखेपर्यंत तुम्ही गप्प राहिलात तर दाखवणारही नाही. मला डोळे म्हणालात ना? आधीचे डोळे तुम्ही होतात.

भाची


१३ फेब्रुवारी

प्रिय महाराणी,

तुझं पत्र मिळालं. फार फार आनंद झाला. जुन्या फिल्मा नव्या होणार यासारखी चांगली गोष्ट नाही. भाची सांगेल तिथे सही कर. पोर किती गुणी आहे! तुझं किती प्रेमाने करते! आजच्या काळात अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

माझं हाड जुळत आलंय. सून फार चांगली आहे. नातवंडं गोड आहेत. सगळं कसं छान चाललंय.

बसून बसून वेळ जात नाही, म्हणून एक नक्षी काढली आहे, ती सोबत पाठवते. टेबलक्लॉथच्या काठाला शोभेल. त्यावर वाचायचं काही नाही. भाचीबाई, तो कागद तेवढा मावशीच्या हातात दे. तिला रंगसंगती सुचेल.

तुझी लाडकी मैत्रीण,
छत्री


२७ फेब्रुवारी

छत्रीमावशी,

मला वाटलं, तुम्ही घाबरलात. तुमचं ते साखरेत घोळलेलं पत्र मी पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “छत्रीला ताप आलाय का? नातवंडं गोड आहेत म्हणते!” मग तिने नक्षीचा कागद मागितला. मी बिनदिक्कत दिला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि उशाखाली ठेवला. मी विचारलं, रंग कोणते देऊ? म्हणाली, बघू.

काल सकाळी अकराला कंपनीचा मॅनेजर आणि एक वकील आले. नेहमी कुणी आलं की ती आत असते आणि मी कागद दाराच्या फटीतून देते. काल ती बाहेर आली. केस विंचरलेले, इस्त्रीची साडी. येऊन मधल्या खुर्चीत बसली. मॅनेजर असा धडपडून उठला की टीपॉयवरचं पाणी सांडलं.

तिने करार हातात घेतला. एकेक पान उलटलं, तुम्ही लिहिता ना, विदुषीसारखं, तसं. आणि मग म्हणाली,

“मला वाचता येत नाही.”

वकील म्हणाला, “चष्मा आणू का, मॅडम?”

“चष्म्याने काय होणार? मला अक्षर येत नाही. एकही. आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. ही माझी भाची, ही वाचते. वाच गं. सगळं वाच.”

छत्रीमावशी, जी गोष्ट तिने जन्मभर जिवापाड लपवली, ती दोन परक्या पुरुषांसमोर पान उलटावं इतक्या सहज सांगून टाकली. ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी वाचायला सुरुवात केली. चौथ्या कलमाशी मी थांबले.

“थांबलीस का? पुढे.”

वाचलं. तिचा आजचा चेहरा जुन्या चेहऱ्याशेजारी लावून हवा तिथे वापरता येईल. झोपायच्या खोलीसकट घरात कुठेही चित्रीकरण करता येईल. तीन वर्षांत केव्हाही परत येता येईल. मान्यता मागे घेता येणार नाही. हे सगळं मी आधी डोळ्यांनी वाचलं होतं. तोंडाने म्हणायला लागल्यावर मला माझीच किळस आली.

तिने करार मिटून टीपॉयवर ठेवला. त्यांना म्हणाली, “नाही.” मॅनेजर अर्धा तास गयावया करत होता. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही तर सगळं ठरलंय म्हणाला होतात!” मावशी म्हणाली, “तिने ठरवलं होतं, मी आत्ता ऐकलं. चहा प्या आणि निघा.” दारात आलेल्या माणसाला तिला नाही म्हणता येत नाही, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. बघा माझी अक्कल.

ते गेल्यावर मी विचारलं, तुला कळलं कसं? तिने उशाखालचा कागद काढला आणि मला शिकवला. दोन उभ्या रेघा म्हणजे थांब. कान म्हणजे तू ऐकतेस ते. गोलात फुली म्हणजे इथे वाक्य गाळलंय. आयत्या वेळी संवाद कापले जायचे तेव्हा तुम्ही ही खूण करायचात म्हणे. आणि मी त्याला टेबलक्लॉथ समजले!

खालची ओळ मात्र तिने शिकवली नाही. छत्री, तिला चिकटून गोलात फुली, आणि पुढे अंबाडा घातलेली म्हातारी, म्हणजे आजी. पण तोवर मला चित्रं वाचता यायला लागली होती. मी ज्याची धमकी दिली होती ते तुम्ही स्वतःच सांगून टाकलंत.

आता काही गाळायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून आईने जपलेलं तुमचं ते उत्तर काढलं आणि तिला वाचून दाखवलं. तुम्ही मला लिहिलेलं आणि मी तुम्हाला लिहिलेलंही. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. त्यानंतर ती अजून बोललेली नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. आज पाचशे पावलंसुद्धा चालली नाही. तुम्हाला लिहू का विचारलं तर मान हलवली, नको म्हणून.

भाची


५ मार्च

महाराणी,

शिव्या घाल, पण लिही. पाच वेळा दारापर्यंत जाऊन पोस्टमनची वाट पाहिली.

धाकटीचं पत्र आधी दिग्दर्शकाच्या हाती पडलं. म्हणाला, आईचं तेवढं गाळ, नऊच दिवस राहिलेत, सेट मोडायचाय, ती गेली तर परत उभा राहणार नाही. मी हो म्हटलं. तुझी आई नऊ दिवस थांबेल असं मला वाटलं. हे कारण नाही, नुसतं काय झालं ते सांगतेय. तू त्यानंतर दार लावून घेतलंस तेव्हा लोक म्हणाले, वय दिसायला लागलं म्हणून. मीही तेच म्हणत राहिले. दर पत्रात तुला सांगायचं ठरवायचे आणि दर पत्रात सुनेबद्दल लिहायचे.

भाचीबाई, हे सगळं वाच.

छत्री


१२ मार्च

छत्री,

ही लिहितेय तो शब्द न् शब्द मी सांगितलेला आहे. लिहून झालं की ती मला परत वाचून दाखवणार, आणि एक जरी शब्द हलला तरी मला कळेल. आधी हे लिही, माझी भाची खोटारडी आहे. लिहिलंस? (लिहिलं.) आणि चहा वाईट करते. (तेही लिहिलं.)

आता ऐक. मला अक्षर येत नाही, पण ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नवव्या वर्षापासून मी नुसती ऐकत आले. वाचणारा वाक्य गाळतो तेव्हा त्याच्या आधी एक श्वास जास्त घेतो आणि नंतर आवाज उगाच गोड करतो. ही पोर वर्षभर असंच वाचत होती. तिचा आवाज गोड झाला की मी समजायचे, काहीतरी गेलं. पण विचारलं नाही. विचारलं तर ती भांडेल, भांडली तर निघून जाईल, मग मला वाचून कोण दाखवणार? या भीतीने मी गाळलेलं गिळत बसले. तुझा कागद आला तेव्हा लाज वाटली. म्हातारी खुबा मोडून बसली आहे, आपलं जुनं पाप स्वतःच्या हाताने काढून पाठवते आहे, आणि आपल्याला साधं ‘सगळं वाच’ म्हणायची हिंमत नाही! म्हणून बाहेर येऊन बसले. त्या दोघांना माझं अक्षरशून्य असणं सांगायचं तर जगाला सांगू देत. लोक माझा चेहरा बघायला यायचे, वही तपासायला नव्हे.

भाचीला मी जायला सांगितलंय. रागाने नाही. अकरा वर्षं पोर गुदमरत होती आणि तेही मी ऐकत होते, तेही विचारलं नाही. तिने स्वतःची खोली बघितली आहे, खिडकीवाली. सिनेमा गेला म्हणून दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या दाराशी गेली. जमेल तिला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीण राहते, ती रोज तासभर वाचायला येणार. कडक आहे. काना-मात्रासुद्धा सोडायची नाही. मी तिला स्वतः दार उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही कुणासारख्या तरी दिसता. मी म्हटलं, हो, सगळे म्हणतात.

आता तुझं. पंधरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, कारण काय बोलावं ते सुचत नव्हतं. तू मला कागदावर छत्री काढून पाठवलीस आणि वाटलं असेल, आता हिला कळेल.

अगं, धाकटीचं पत्र आलं तेव्हा तू मेकअपच्या खोलीत माझ्यासमोर स्टुलावर बसली होतीस. वाचायला लागलीस. ‘आई’ या शब्दाशी आलीस आणि आवंढा गिळलास. मग म्हणालीस, आई तुझी आठवण काढते, बाकी सगळे खुशाल. किती गोड आवाजात म्हणालीस! मला तेव्हाच कळलं. तेव्हाच, छत्री. समोरच्या आरशात तू दिसत होतीस, मी दिसत होते. बाहेर शॉट लागला होता. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम चाललं होतं माझं आणि नऊ दिवस राहिले होते.

धाकटीला मी सफाई दिली नाही, कारण द्यायला नव्हती. ती दगड म्हणाली ते बरोबर म्हणाली. तू अडतीस वर्षं स्वतःला चोर समजत बसलीस आणि मी तुला समजू दिलं, हे माझं दुसरं पाप. दार मी तुझ्यामुळे लावलं नव्हतं. तो चेहरा घेऊन लोकांसमोर जायची मला लाज वाटायला लागली.

मी विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

महाराणी